उजेड पाडला!

आमच्या रोहण्याच्या घरात छपरीतून आत शिरलं की समोरच्या भिंतीवर मोठ्या बाबांचा फोटो दिसतो. फोटोत मोठे बाबा आहेत, त्यांची टोपी आहे आणि त्यांच्या उजव्या खांद्यावर एक हात आहे. हात कोणाचा, हे घरात कोणालाच माहीत नाही. मोठे बाबा गेले तेव्हा त्यांचा एकट्याचा असा फोटोच सापडेना. मग कुठल्याशा लग्नातल्या घोळक्यातून त्यांना कापून काढलं आणि मोठं करून घेतलं. कापणाऱ्यानं माणसं वगळली, हात तेवढा राहिला. मनगटावर घड्याळ आहे. पितृपक्षात जेवणं आटोपली की दरवर्षी त्या हातावर चर्चा होते. एक पक्ष म्हणतो, हात धामणगावच्या साळ्याचा. दुसरा म्हणतो, त्याच्याजवळ घड्याळ होतंच कुठं? हार घालताना तो हात झाकला जाईल असं बघतात, पण दोन दिवसांत फुलं सुकतात आणि हात पुन्हा वर येतो.

नागपुरात नोकरीला लागल्यावर दोन वर्षं पैसे साठवून मी कॅमेरा घेतला आणि तो दाखवायला गावी आणला. कोणी किंमत विचारली, कोणी हातात घेऊन वजन केलं. मोठ्या आईनं पदरानं डोळे पुसून त्याच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाली, "बरं झालं बाप्पा. माया एक फोटू काढून ठेव. भिंतीवरचा. पन मायावर कोनाचा हात नोको."

असं अभद्र बोलू नये, असं कोणीतरी रीतसर म्हटलं. त्यावर ती म्हणाली, "त्यात काय हाय? लाडू करतो त बेसन पयलेच आनून ठेवतो का नाई?"

आमच्याकडे फोटो तीन कारणांसाठी काढतात. फॉर्मसाठी, सोयरिकीसाठी आणि भिंतीसाठी. हौस हे कारण मोबाइल आल्यावर आलं, आणि त्याला अजून घरात कोणी कारण समजत नाही. तिन्ही प्रकारांतला उजेड वेगळा. फॉर्मच्या फोटोत उजेड समोरून तोंडावर आपटतो. सोयरिकीच्या फोटोत तो दुकानदार कॉम्प्युटरवर घालतो, आणि मुलीची आई "अजून थोडा" म्हणेपर्यंत घालत राहतो. भिंतीच्या फोटोतला उजेड म्हणजे वर लावलेला लाल झिरोचा बल्ब, तोही लाईन असली तर.

पूर्वी फॉर्मच्या फोटोसाठी पुलगाव नाहीतर आर्वी गाठावी लागे. पुलगाव–आर्वी छोटी गाडी होती, लोक तिला शकुंतला म्हणत, आणि आमच्या रोहण्यालाही तिचं स्टेशन होतं. माझा दहावीच्या फॉर्मचा फोटो एका स्टुडिओत निघाला. मागे पडद्यावर रंगवलेला धबधबा होता. तो फॉर्मला चालत नाही म्हणून त्यावर पांढरी चादर टाकलेली. दोन्ही बाजूंना छत्र्या, मध्ये स्टूल. मालक म्हणाले, "मान सरळ. हनुवटी खाली. दोन्ही कान दाखव. हासू नको. डोळे मिटू नको." शेवटची सूचना आणि प्रकाशाचा भपका एकाच वेळी आला. 35 बाय 45 मिलिमीटरच्या त्या तुकड्यात जो मुलगा आहे त्याला नाक नाही. दोन भोकं आहेत, वर दोन घाबरलेले डोळे आहेत. मध्ये नुसतं मैदान. मालकांनी आठ प्रती दिल्या. त्या मी बारावीपर्यंत पुरवल्या, कारण पुन्हा तिथं जायची हिंमत नव्हती.

नाक का गेलं, हे कळायला मला पुढं पंधरा वर्षं लागली. नाक हे सावलीवर उभं असतं. एका अंगाला उजेड आणि दुसऱ्या अंगाला थोडा अंधार असला तरच ते वर आलेलं दिसतं. गालाचं हाड, हनुवटी, कपाळावरच्या आठ्या, सगळ्यांचं तेच. कॅमेऱ्याच्या नाकासमोरून फ्लॅश मारला की सावली माणसाच्या मागे जाऊन लपते आणि चेहऱ्याची भाकरी होते. सरकारी फोटोंवर एवढे विनोद होतात ते उगाच नाहीत. आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, 29 सप्टेंबर 2010 ला देशातलं पहिलं आधार दिलं गेलं. तेव्हापासून आजवर स्वतःच्या आधारवरचा फोटो आवडला असं म्हणणारा माणूस मला भेटलेला नाही. बोटांचे ठसे आणि डोळ्यांची बुबुळं का घेतात, हे तो फोटो पाहिल्यावर पटतं.

कॅमेरा घेतल्यावर मी अभ्यासाला लागलो. गौतम राजाध्यक्षांचं 'चेहरे' वाचनालयात उभ्यानं चाळलं. त्यातली माणसं आतून दिवा लावल्यासारखी दिसतात. मला वाटलं, हे सगळं महागड्या दिव्यांचं काम. आमच्याकडे दिवे नसले तरी ऊन आहे, आणि उन्हाच्या बाबतीत वर्धा जिल्ह्यानं कोणापुढे हात पसरायची गरज नाही.

ती चूक मे महिन्यात, चुलतबहिणीच्या लग्नात, उघडी पडली. मुहूर्त 11 वाजून 41 मिनिटांचा. नवरदेवाचे मित्र बॅन्जोपुढे नाचत होते, आणि आमच्याकडे मित्रांचा नाच संपल्याशिवाय ग्रहसुद्धा पुढं सरकत नाहीत. अक्षता पडेपर्यंत बारा वाजून गेले. मेचा चौथा आठवडा होता. आमच्या अक्षांशावर वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. एकदा याच आठवड्यात, आणि पुन्हा जुलैत. पण जुलैत ढग असतात, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही. त्या दुपारी उभ्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी जाऊन बसते. म्हणजे लग्नाचा मुहूर्त हुकला तरी शून्य सावलीचा आम्ही अगदी मिनिटावर साधला.

तापमान 45 च्या पुढं होतं. मांडवाबाहेर मी दोन्हीकडच्या वऱ्हाडाला ओळीनं उभं केलं आणि बत्तीस फोटो काढले. घरी आल्यावर पाहतो तर एकालाही डोळे नाहीत. सूर्य डोक्यावर असला की भुवया छपराचं काम करतात आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो. नाकाखाली प्रत्येकाला सावलीची मिशी आलेली, नवरीलासुद्धा. व्याही मुळात मिशीवाले, ते दोन मिश्यांचे झाले होते. ज्यांच्या डोक्यावर फेटे होते त्यांचे फेटे मात्र झकास. कॅमेऱ्याचं असं आहे की त्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. समोर पांढरं फार दिसलं की तो घाबरून उजेड कमी करतो, आणि मग फेट्याची चुणी न् चुणी दिसते, फेट्याखालचा माणूस कोणता ते विचारून घ्यावं लागतं. धोतरवाल्या मामांनी स्वतःचा फोटो बघून विचारलं, "धोतर माया हाय. वरचा कोन हाय?"

मोठी आई त्या दिवशी मांडवातून बाहेर आली नाही. "उन्हात उभं राहाले मी काय पऱ्हाटी हाय?" म्हणाली.

उन्हाचं गणित मजेशीर आहे. सूर्याचा व्यास जवळपास 14 लाख किलोमीटर, पण तो आपल्यापासून 15 कोटी किलोमीटर दूर. हात लांब करून करंगळी उभी धरली तर तिच्या नखामागे मावतो. म्हणजे चेहऱ्याच्या दृष्टीनं सूर्य हा एक बारीक दिवा, आणि दिवा जितका बारीक तितकी सावलीची कड धारदार. त्याच उन्हापुढे ढग आला की उजेड आभाळभर पसरतो, दिवा मोठा होतो, सावलीची कड विरघळते, सुरकुत्या मवाळ होतात. पावसाळी सकाळी गावातली सगळीच माणसं जरा बरी दिसतात, त्याचं कारण बरंचसं हे आहे आणि थोडंसं पेरणी झाल्याचं समाधान. दुसरं एक गणित दिव्याच्या अंतराचं. दिव्यापासून दोन हातांवर बसलेला माणूस चार हातांवर सरकवला तर त्याच्या वाट्याचा उजेड निम्मा होत नाही, पाव होतो. चुलतभावाला हे सांगितलं तर तो म्हणाला, "समजलं. पाऊस आठ दिवस लांबला का पीक पाव होते, तसंच."

फ्लॅश मी मात्र सोडून दिला, आणि त्याचं श्रेय आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्यात प्रसिद्ध वृद्ध गृहस्थांना जातं. सेवाग्रामात गांधीजींचे फोटो त्यांचा नातू लागणारा तरुण, कनू गांधी, काढायचा. घनश्यामदास बिर्लांनी दिलेल्या शंभर रुपयांत कॅमेरा आला. बापूंनी परवानगी दिली ती तीन अटींवर: फ्लॅश मारायचा नाही, मी पोज देणार नाही, आणि आश्रम याला पैसा देणार नाही. फोटोग्राफीचं इतकं चांगलं शिक्षण इतक्या कमी शब्दांत दुसऱ्या कोणी दिलं असेल असं वाटत नाही. त्या काळची फिल्म मंद, खोल्या अंधाऱ्या आणि समोरचा माणूस भराभर चालणारा. कनू गांधींना उजेड कुठून येतो ते शोधण्यावाचून गत्यंतर नव्हतं. बापूकुटीत गेलात तर पाहा: मातीच्या भिंती, उतरतं कवेलूचं छप्पर, उजेड येतो तो खालून, बाजूनं, अंगणातल्या मातीवरून उडी मारून.

उलट 1946 साली पुण्यात अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकाच्या मार्गारेट बर्क-व्हाइट चरख्याजवळ बसलेल्या गांधीजींचा फोटो काढायला आल्या. आधी त्यांना सूत कातायला शिकायला लावलं आणि मग मोजून तीन फ्लॅशबल्बांची सवलत मिळाली. पहिल्या दोन वेळा काही ना काही बिनसलं; तिसऱ्या वेळी साधलं. तो फोटो जगभर गेला. पण त्या फोटोतही जीव आहे तो मागच्या खिडकीतून आलेल्या उजेडात, असं माझं मत आहे. हे मत मी घरात मांडलं तेव्हा मोठ्या आईनं फक्त एक प्रश्न विचारला, "तीनात काढला? मंग तू बत्तीस कायले काढले?"

दिवाळीत मी तयारीनं आलो. सतराव्या शतकातले डच चित्रकार रेम्ब्राँ यांच्या चित्रांत उजेड वरून आणि एका बाजूनं येतो. अर्धा चेहरा उजळ, अर्धा सावलीत, आणि सावलीतल्या गालावर डोळ्याखाली उजेडाचा एक छोटा त्रिकोण पडतो. फोटोवाले त्याला रेम्ब्राँचंच नाव देतात. आकार म्हणाल तर शंकरपाळा तिरका कापला की जो निम्मा उरतो, तो. मोठ्या आईला मी माजघराच्या खिडकीजवळ पिढ्यावर बसवलं. हनुवटी जरा इकडे, डोकं जरा तिकडे, असं करत पाऊण तास तो त्रिकोण शोधला. दोनदा तो कानावर पडला. एकदा नथीवर. शेवटी गालावर, नेमका जागेवर आला, आणि मी श्वास रोखून बटण दाबलं. फोटो असा उतरला की मला स्वतःबद्दल आदर वाटू लागला.

मोठ्या आईनं चष्मा लावून कॅमेऱ्याच्या काचेत पाहिलं.

"अर्धं तोंड कुठी गेलं?"

"सावलीत आहे, मोठी आई. त्यानं फोटोला खोली येते."

"खोली त घरात हायच चार. तोंडात कायले पाह्यजे?" तिनं कॅमेरा परत दिला. "भिंतीवर लावला त लोकं म्हनतीन, बुढीनं जाता जाता तोंड कायं केलं."

चुलतभाऊ बाजूनं म्हणाला, "लय उजेड पाडला बे तू!" आणि हे तो मराठीत म्हणाला असल्यानं त्याचा अर्थ जो होतो तोच होता.

राग आला, पण विचार केल्यावर तिचंही पटलं. आपल्या भाषेतच उजेडाचं राजकारण ठरलेलं आहे. अब्रू गेली की तोंड काळं होतं, पोरगा पास झाला की घराणं उजळतं. अशा भाषेत वाढलेल्या बाईला अर्ध्या तोंडाची सावली ही कला आहे हे पटवणं म्हणजे सूर्याला दिवा दाखवणं. त्यातून गावातल्या सावळ्या माणसांचा आजवर कोणी नीट फोटोच काढलेला नाही. दुकानात त्यांना पिठात घोळून काढतात. मोबाइलमध्ये आता ते आपोआप होतं; आमच्या सरपंचांच्या वाढदिवसाच्या बॅनरवर पस्तीस शुभेच्छुक असतात आणि पस्तिसांचाही रंग एकाच डब्यातला. खरं तर सावळ्या कातडीवर उजेड फार सुरेख उतरतो. गोऱ्या चेहऱ्यावर तो पसरून जातो, सावळ्यावर तो कपाळावर, नाकाच्या शेंड्यावर, गालावर थेंबाथेंबानं थांबतो. फक्त त्याच्यासमोर धरायला काहीतरी मोठं, पांढरं आणि मऊ लागतं. शहरात त्याला रिफ्लेक्टर म्हणतात, घडीचा मिळतो, आणि उघडताना तोंडावर येतो.

जानेवारीत गेलो तेव्हा घरात तोच पडलेला होता, छपराच्या आढ्यापर्यंत.

भाव नव्हता म्हणून चुलतभावानं कापूस विकला नव्हता. पुढची खोली अर्धी भरलेली. ज्यांनी कापसाचं घर पाहिलेलं नाही त्यांना सांगतो: त्या खोलीत शिरलं की आधी आवाज जातो. बोललेलं भिंतीवरून परत येत नाही. सरकीचा तेलकट वास येतो, आणि दहा मिनिटांत मनगटाला, मानेला खाज सुटते. पोरांना ढिगावर चढायची बंदी असते, म्हणून ती चढतात. दार पूर्वेचं. सकाळचं ऊन उंबरठ्यावरून आत येतं आणि जसजसं वर चढतं तसतसं मागे सरत अंगणात जातं. अकराच्या सुमारास दारात नुसता उजेड उरतो, ऊन नाही. तो उजेड डावीकडून आत येत होता, उजवीकडे ढिगावर आदळत होता आणि तिथून दुधात भिजून परत येत होता. मोठी आई मधोमध बाजेवर बसून तुरीच्या शेंगा सोलत होती. तिच्या चेहऱ्याचा डावा भाग उजळ होता, आणि उजवा भाग सावलीत असूनही काळा नव्हता. कुठंही कड नव्हती. हातावरच्या गोंदणाची हिरवी टिंबं मोजता येत होती.

मी कॅमेरा आणायला धावलो. एवढा पांढरा ढीग पाहून तो घाबरणार हे आता माहीत होतं, म्हणून उजेडाचा काटा आधीच दीड घर वर सरकवला. सगळं जमून आलं. अडचण एकच होती. कॅमेरा दिसल्याबरोबर मोठ्या आईनं पदर डोक्यावर ओढला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि चेहरा फॉर्मचा केला. आठ फोटो काढले. आठही बँकेत चालतील असे.

"मोठी आई, जरा चेहऱ्यावर भाव आण ना."

"भाव मी कोठून आनू? भाव सरकारनं आनाव."

तेवढ्यात अंगणातून चुलतभाऊ फोन कानाला लावूनच ओरडला, "माय, पुलगावचा फोन हाय, आज भाव चढला!" आणि त्यानं आकडा सांगितला.

तिनं शेंग तशीच हातात धरून मान दाराकडे वळवली. भुवया वर गेल्या. तोंड किंचित उघडलं, आणि मग खालचा ओठ एका बाजूला असा दुमडला, जसा तो साठ वर्षं व्यापाऱ्यांसमोर दुमडत आलेला असणार: विश्वास नाही, पण ऐकून तर घेऊ. मी एकदाच बटण दाबलं. बापूंच्या हिशेबानंही दोन शिल्लक राहिले.

फोटो पाहून घरातली सगळी माणसं गप्प झाली, हे आमच्या घरात सहसा जेवतानाच होतं. सुनेनं डोळे टिपले, कापसामुळेही असेल. मोठ्या आईनं तो फार वेळ पाहिला. बोटानं स्वतःचा कान, नथ, गोंदण तपासलं. खांद्यावर कोणाचा हात नाही ना, तेही पाहिलं.

"चांगला हाय," ती म्हणाली. "पन भिंतीच्या कामाचा नाई."

"का?"

"यात मी जिती दिसून रायली. याले हार कसा घालतीन? लोकं हार घेऊन येतीन अन् म्हनतीन, बुढी आता बोलते का मंग बोलते." तिनं ठरवून टाकलं. भिंतीसाठी आठातला तिसरा. हा दुसरा डब्यात, सात-बाऱ्याबरोबर.

गावात बातमी पसरायला फोन लागत नाही. संध्याकाळपर्यंत पाच जणांनी निरोप धाडले की आमचाही तसाच काढायचा, कापसाजवळचा. मी सगळ्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी अकराची वेळ दिली. उजेड कसा अकरालाच तयार होतो, त्याआधी येऊन उपयोग नाही, हे प्रत्येकाला खुलासेवार सांगितलं. स्वतःच्या या स्टुडिओवर मी त्या रात्री बराच वेळ खाजवत विचार केला.

धोतरवाले मामा सगळ्यांत आधी आले. दाढी ताजी, टोपीला कडक इस्त्री, धोतर असं की कॅमेऱ्याला धडकी भरावी. मी त्यांना घेऊन पुढच्या खोलीत गेलो. दारातून उजेड वेळेवर आलेला होता. खोली मोकळी होती. उजेड आत येऊन समोरच्या धुरकट भिंतीपर्यंत जात होता आणि तिथंच संपत होता. जमिनीवर चार-दोन बोंडं, एक तुटकी टोपली आणि ट्रॅक्टरच्या चाकांचे माग अंगणापासून फाटकापर्यंत. पहाटेच गाडी भरून गेली होती.

मोठी आई छपरीत शेंगा सोलत होती. मी काही बोलायच्या आत मामांनी त्या रिकाम्या खोलीकडे एकवार पाहिलं, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि तिच्याशेजारी टेकले.

"मंग," ते म्हणाले, "का भाव गेला जी?"